माझ्या गॅलरीच्या ग्रिलला लावलेला हुक

मंगळवार, अकरा तारीख, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. बाबा, वेळ मी स्वतः भिंतीवरच्या घड्याळात पाहिली आहे, तेव्हा तिच्याबद्दल वाद नको. त्या वेळी हुडकेश्वरच्या आमच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, माझ्या गॅलरीसमोर एका माणसाचा खांदा निखळला. तो मरायचाच, थोडक्यात वाचला. याला जबाबदार कोण, याचा मी दोन दिवस विचार करते आहे आणि दर वेळी दोनच नावं समोर येतात, एक माझं आणि एक तुमचं. माझं म्हणणं उद्या माझ्याकडून लिहून घेतलं जाणार आहे. तुमचं कोण घेणार? म्हणून हे पत्र. तुम्हाला जाऊन एकोणचाळीस वर्षं झाली ही सबब मी ऐकणार नाही. सरकारी कचेरीत एकतीस वर्षं मी लोकांकडून लेखी खुलासे मागवले. कोणी बदलून गेलेलं असायचं, कोणी निवृत्त झालेलं, एक जण तर संन्यास घेऊन बसला होता. सगळ्यांचे खुलासे आले.

आधी झालं काय ते सांगते. आमच्या इमारतीच्या बाहेरच्या भिंतींना तडे गेले होते, ते बुजवून रंग द्यायचं काम निघालं, आणि सोमवारी सकाळी फाटकातून एक यंत्र आत आलं. तुम्ही ते पाहिलेलं नाही. त्याला बूम लिफ्ट म्हणतात. गाडीवर एक लांब, दुमडणारा लोखंडी हात असतो आणि त्या हाताच्या टोकाला छातीइतक्या कठड्याचा पिंजरा, त्याला हे लोक बकेट म्हणतात. माणूस बकेटमध्ये उभा राहतो आणि खाली गाडीपाशी उभा असलेला ऑपरेटर खटके दाबून त्याला वर, खाली, आजूबाजूला नेतो. बांबू नाहीत, काथ्या नाही, परांची बांधायला तुमच्यासारखी सहा माणसं चार दिवस राबत नाहीत. सकाळी नऊला गाडी आली आणि साडेनऊला माणूस चौथ्या मजल्यावर. मला ते पाहून बरं वाटलं की राग आला, हेच मला नीट सांगता यायचं नाही. तुमची सगळी हयात ज्यात गेली ते काम कोणीतरी खटक्यावर करत होतं.

बकेटमधला माणूस पंचेचाळिशीचा, मिशा पिकलेल्या, हात चोख. तडा आधी कोरून साफ करायचा, मग भरायचा, मग बोटाने चाचपून पाहायचा. तुम्हीही लावलेली गाठ अशीच चाचपायचात, म्हणून मंगळवारी मी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभी राहिले. त्याच्या अंगावर जाड पट्ट्यांचा बेल्ट होता, खांद्यांवरून आणि मांड्यांखालून गेलेला. पाठीतून एक दोरी निघाली होती आणि दोरीच्या टोकाचा हुक त्या बकेटच्याच आतल्या कडीत अडकवलेला होता. बकेटच्याच! माझं डोकं फिरलं.

"अहो, हुक कशाला लावलाय तो?" मी म्हटलं.

"बकेटले, मावशी."

"आणि बकेटच पडली तर?"

तो हसला. "बकेट पडली तं मंग सगळंच पडलं न. मी, गाडी, गाडीचा मालक."

"दात काढू नका. इथे माझ्या ग्रिलला लावा. भिंतीत बसवलेलं आहे."

"नाही जमत मावशी. बकेटलेच लावाचा असते. टरेनिंगमधी तसंच सांगतलं हाय आमाले." मग म्हणाला, "ग्रिलले काहून पण?"

"काहून-बिहून विचारू नका. माझ्या वडिलांनी पस्तीस वर्षं या नागपुरात उंचावर काम केलं आणि ते घरी खाटेवर गेले. तुमच्या ट्रेनिंगवाल्याने किती वर्षं केलंय?"

माझी ही जीभ तुम्हाला ठाऊक आहे. तिला धार कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लावली आणि पुढे कचेरीने ती बोथट होऊ दिली नाही. घरच्या म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये, असा काहीतरी हिशेब त्याने केला असावा. "बरं मावशी, तुमच्या मनासारखं," म्हणाला, कडीतला हुक काढला आणि माझ्या ग्रिलच्या आडव्या गजात अडकवला. मी कप ठेवायला आत गेले, घड्याळ पाहिलं आणि परत बाहेर आले. कोणाचा तरी जीव वाचवल्यासारखी.

खालच्या ऑपरेटरला वरचा हुक दिसत नाही. त्याला पुढचा तडा दिसतो, तो तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि तो बकेट खाली घेतो. दोरी ताणली जाते. ऑपरेटरच्या आधी ते मला कळतं. बकेट खाली चालली आहे आणि माणूस वरच राहिला आहे, त्याचे पाय बकेटच्या तळापासून सुटतात, तो कठडा धरायला एक हात टाकतो, आणि बकेट तो हात घेऊन खाली जाते. "रोक! रोक गा!" असं तो ओरडतो. मी पण ओरडले बाबा, पण माझ्या तोंडून इंग्रजी आलं, मोठ्या सिस्टरांच्या आवाजातलं, "स्टॉप इट! स्टॉप इट धिस मिनिट!" ऑपरेटरने माझं ऐकून यंत्र थांबवलं की त्या माणसाचं ऐकून, देव जाणे. चौथ्या मजल्याच्या उंचीवर तो माणूस पाठीवरच्या त्या दोरीने माझ्या ग्रिलला लोंबकळत होता, आणि ग्रिलच्या चार खिळ्यांपैकी वरचा एक भिंतीतून बाहेर आला होता. दुसराही हलत होता. सिमेंटचा भुगा माझ्या पायावर पडत होता. बकेट परत वर आली, तो कसाबसा आत पडला. सगळं मिळून एक मिनिटही झालं नसेल.

आता जे लिहिते ते मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. तासाभरात कंत्राटदाराची सुरक्षा अधिकारी आली, तिशीची पोरगी, डोक्यावर पांढरं हेल्मेट, हातात वही. तो माणूस खाली पायरीवर खांदा धरून बसला होता, दवाखान्यात न्यायला गाडी यायची होती, आणि मीही खाली उतरले होते. तिने मला विचारलं, "काकू, तुमच्याच ग्रिलला हुक होता. तुम्ही पाहिलं का, कसा गेला तिथे?"

मी म्हटलं, "मी आत होते. कुकर लावला होता. आवाज ऐकून बाहेर आले."

तो चार हातांवर होता. त्याने ऐकलं. मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. तिने त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "ध्यान नव्हतं मॅडम. चुकी झाली." तिने त्याच्या खिशातलं ट्रेनिंगचं कार्ड मागून घेतलं. ते कार्ड नसलं की कुठल्याच साइटवर त्याला लिफ्टमध्ये चढू देत नाहीत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी खरं बोलले असते का? हे मी स्वतःला विचारून पाहिलं आहे.

कार्ड वहीत ठेवताना ती मला समजावून सांगत होती, मी शहाणी बाई दिसते म्हणून. "काकू, हे लोक जुन्या सवयीने भिंतीला, खांबाला हुक लावतात. लिफ्टमध्ये तेच सगळ्यात वाईट. बकेट हलणारच, ती हलायसाठीच आहे. तुम्ही कारमध्ये बसलात आणि सीटबेल्ट रस्त्यावरच्या खांबाला बांधला तर काय होईल?" मी हसले. हसले, बाबा! त्या माणसाच्या देखत. आणि ती पुढे सांगत होती की बेल्ट बकेटमध्ये पाय टाकायच्या आधी घालायचा, हुक आतल्या कडीलाच लावायचा, दोन्ही पाय तळावरच ठेवायचे, कठड्यावर चढायचं नाही, आणि या सगळ्याला कारणं आहेत, कोणीही विचारावीत. तिने दर नियमाचं कारण सांगितलं. मी ऐकत होते आणि मला आपलं जुनं स्वयंपाकघर दिसत होतं.

मी सात वर्षांची आहे. आई चुलीपाशी तांदूळ निवडते आहे. तुम्ही कामावरून आला आहात, कमरेचा दोर अजून सोडलेला नाही. तो सोडून तुम्ही माझ्या कमरेला बांधता आणि दुसरं टोक खाटेच्या पायाला. "ओढ," म्हणता. मी ओढते, खाट फरशीवर खरखरत पुढे येते. आई ओरडते, "अवं माय, खाट मोडता काय बापलेकी!" तुम्ही ते टोक सोडून खिडकीच्या गजाला बांधता. "आता ओढ." मी पाय रोवून ओढते, तोंड लाल होतं, काही हलत नाही. "मंग जीव कोणाले बांधाचा?" तुम्ही विचारता. मी म्हणते, "भिंतीले." "जे हालते त्याले नाही बांधाचा. परांचीले नाही, बांबूले नाही. भिंतीले." मला इतका आनंद झाला होता की मी आठवडाभर स्वतःला खिडकीला बांधून घेत होते. मी उंचावर कधी चढले नाही, तरी तुमचं हे एकच काम मला येतं असं मी जन्मभर समजत आले.

मला गोंधळात टाकणारी गोष्ट पुढेच आहे. तुम्ही प्रत्येक गोष्टीला काहून म्हणून विचारणारे होतात. बुद्धाची दीक्षा घेऊन आल्यावर घरातले देव पोत्यात घालून नेलेत, आणि त्यानंतर आपल्या घरात कोणी सांगितलं म्हणून काही करायचं नाही, असा दंडकच होता. आजीने सांगितलं म्हणून नाही, शेजाऱ्यांनी केलं म्हणून नाही. "काहून इचार पोरी, फुकट हाय," म्हणायचात. कॉन्व्हेंटच्या नव्या इमारतीची परांची तुम्ही बांधलीत, आणि काम संपल्यावर मोठ्या सिस्टरांपुढे जाऊन विचारलंत, माझी पोरगी इथं काहून नाही शिकू शकत? मला प्रवेश मिळाला. पहिल्या दिवशी त्या वर्गात सगळ्या मुलींचे बूट चकाकत होते, माझे नव्हते, आणि मी घाबरले नाही, कारण मी एका प्रश्नावर आत आले होते.

आणि त्याच प्रश्नावर तुम्ही मला मारलंत. मी अकरा वर्षांची, सुट्टीचा दिवस, तुमचा डबा घेऊन साइटवर आलेली. वर तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर तुमचा एक गडी, आणि तुम्ही खालून गरजता आहात, "काय गा, दोर कोठी बांधला? बांबूले? उतर! उतर खाली!" मी सहज विचारलं, "काहून पण बाबा, बांबू तं पक्का हाय." तुम्ही वळलात आणि सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली वाजवलीत. "इथं काहून नाही. इथं आयकाचं." आयुष्यात तेवढी एकच. मी डबा तिथेच ठेवून पायी घरी आले, चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी माझ्या वहीवर नवं शाईचं पेन होतं. तुम्ही काही म्हणाला नाहीत आणि मीही विचारलं नाही. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी आईने सांगितलं की तुमचा पहिला जोडीदार, तुमच्याच खापा गावचा, परांचीला दोर बांधून काम करायचा, आणि एकदा परांची त्याला घेऊनच खाली आली. तुम्ही शेजारच्या खिडकीला बांधलेले होतात म्हणून राहिलात. म्हणजे कारण होतं, बाबा! इतकं सरळ कारण होतं. ते अकरा वर्षांच्या पोरीला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? परांची पडते म्हणून भिंत. एवढंच. मग मला कळलं असतं की हा नियम परांचीचा आहे, देवाचा नाही. देव तर तुम्ही पोत्यात भरून नेले होते, आणि त्यांच्या जागी मला हा एक दिलात, विचारायचा नाही असा.

की मी तुमच्यावर ढकलते आहे? हे मला खरोखर कळत नाही. वर असलेल्या माणसाला कारण सांगत बसायला वेळ नसतो, हेही खरं असेल. तुमचा एकही गडी पडला नाही, हे तर खरंच आहे. तुमचं बरोबर होतं आणि तेच मी एका भल्या माणसाला सांगितलं आणि तो लोंबकळला. एकच गोष्ट बरोबर आणि चूक कशी असते, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कोणीतरी खाट आणि दोर घेऊन समजावून सांगायला हवं आहे.

आज सकाळी मी त्या माणसाच्या घरी, वाडीला जाऊन आले. ऑपरेटरकडून पत्ता घेतला होता. ट्रकांच्या गोदामांमागे भाड्याची खोली आहे, दार उघडं ठेवलं की आत नुसता धूर आणि हॉर्न. तो पलंगावर टेकून बसला होता, हात गळ्यात बांधलेला, छातीवर बेल्टच्या पट्ट्यांचे काळेनिळे वळ. मी सफरचंदं नेली होती. सफरचंदं! मला बघून तो उठायला लागला.

"बसा, बसा," मी म्हटलं. "त्या दिवशी तुम्ही माझं नाव का घेतलं नाही?"

"तुमचं नाव कायले घेऊ मावशी? तुम्ही मायेनं सांगतलं."

त्याची बायको कोपऱ्यात कणीक मळत होती. तिने हात थांबवला नाही. "मायेनं सांगतलं म्हणते. अन् खांदा कोणाचा गेला? मायेचा?"

"चूप वं," तो म्हणाला.

"मी काहून चूप बसू? बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता. दोन महिन्यानं याचा हात बरा होईन, मंग कार्ड कोण देईन याले? बारा वर्स झाले उंचावर काम करून राहिला, एक डाग नाही. आता कागदावर लिवलं हाय, याची चुकी." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही त्या मॅडमले सांगतलं काय, का तुम्हीच सांगतलं होतं म्हणून?"

मी म्हटलं, "सांगणार आहे."

"मंग दोन दिवस काय करून राहिल्या होत्या?"

बाबा, एकतीस वर्षं मी हाच प्रश्न लोकांना विचारला, शुद्ध भाषेत, आवक क्रमांक घालून. मला एकदाही कळलं नव्हतं की तो समोरून आला की कसा लागतो. मी चहा न घेताच उठले. तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, "तिच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका मावशी. तुमच्या वडिलाईचं काम मात्र एक नंबर असन." मला रस्त्यावर येऊन भिंतीचा आधार घ्यावा लागला.

घरी येऊन मी त्या अधिकारी मुलीला फोन केला. मंगळवारी मी खोटं बोलले असं तिला सांगितलं. ती म्हणाली, "काकू, असं फोनवर चालत नाही. लिहून द्या. शुक्रवारी पाचपर्यंत माझ्या हातात पडलं तर अहवाल बदलता येईल, मग तो वर जातो." तिने फोनवर एक छापील नमुना पाठवला, तो मी खालच्या दुकानातून काढून आणला. हुक कोणाच्या सांगण्यावरून लावला, अशी एक ओळ आहे. तिथे मी माझं नाव लिहिलं, पूर्ण, जन्मतारखेसकट. त्याच्या खालची ओळ आहे, असे सांगण्याचे कारण. ती दुपारपासून कोरी आहे.

तिथे तुमचं नाव घालू का? घातलं तर म्हातारी आपलं खापर मेलेल्या बापावर फोडते असं दिसेल, आणि तुमचा पस्तीस वर्षांचा नियम एका अहवालात चूक म्हणून कायमचा जाईल, बाजूला परांचीचं कारण लिहायला जागाही नाही. नाही घातलं तर "मला वाटले म्हणून" एवढंच उरतं, आणि ते खोटं आहे. मला काही वाटलं नव्हतं, बाबा. मी विचारच केला नव्हता. तो करायचा नाही हे मी तुमच्याकडूनच शिकले, की माझं मीच शिकले, एवढं एकच मला तुमच्याकडून जाणून घ्यायचं आहे.

हे पत्र पाकिटात जाणार नाही, पत्ता काय घालू? त्या नमुन्याखालीच घडी करून ठेवते. पण खुलासा मला हवा आहे, तोही लेखी, आणि उद्या, शुक्रवारी, दुपारी बाराच्या आत. बारानंतर मी पेन उचलून ती ओळ माझ्या मनाने भरीन, मग तक्रार करायची नाही. आणि खरं सांगायचं तर तुमच्या उत्तराची मला फारशी आशा नाही. मला फक्त उद्या बारापर्यंत अजून थोडा वेळ हवा आहे.